स्कूटरचा आत्मा

१९९९ सालच्या उन्हाळ्यात आमच्या शहरातली माणसं संध्याकाळी वर बघत चालायला लागली. दोघातिघांचे पाय गटारात गेले, एका पोस्टमनने सायकल विजेच्या खांबावर घातली, तरी माना खाली येईनात. आकाशबाबांचा मुक्काम पडला होता.

बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मैदानावर दिवेलागणीला मुंगी शिरायला जागा नसे. म्हाताऱ्यांसाठी घरून आणलेल्या खुर्च्या, बापांच्या खांद्यांवर मुलं, कुंपणाला टेकवलेल्या सायकली. मध्ये एक ट्रक उभा, त्याचं मागचं फळकूट पाडलेलं आणि त्यावर पांढऱ्या कपड्यातले बाबा. शेजारी माइक धरून त्यांचा चेला.

"आज कोणाची पाळी?" बाबा विचारायचे.

"कापडदुकानवाल्यांचे वडील!" चेला ओरडायचा.

"कापडदुकानवाले, पुढे या. वडील पश्चिमेकडून येतायत. सूर्य-चंद्र पूर्वेला उगवतात, पण आत्मा उलट्या वाटेने येतो, कारण तो माघारी येतो! हाक मारू नका. दुर्बीण लावू नका, आत्मा लाजतो. आणि चष्मे काढा! काचेतून बघितलंत की त्याला वाटतं, याचा माझ्यावर भरवसा नाही. ज्याचं मन स्वच्छ त्याला दिसेल. ज्याच्यावर त्याचा राग असेल त्याला नाही दिसणार."

शेकडो चष्मे खिशांत गेले. मग पश्चिमेला, छपरांच्या जरा वर, एक ठिपका उजळला. आवाज नाही, लुकलुक नाही. शांतपणे वर चढला, डोक्यावर आला तेव्हा कुठल्याही ताऱ्याहून ठळक होता. पूर्वेकडे उतरता उतरता, समोर ना ढग ना झाड, तो लालसर झाला आणि विझला.

"पोचले! घरी पोचले!" बाबा म्हणाले, आणि कापडदुकानवाला लहान मुलासारखा रडायला लागला.

माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू?

माझ्या दंडाला धरून वहिनी उभी होती. "दिसला ना, वन्सं?"

"दिसला. तुला?"

"हो तर!"

ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते, तरी मला 'वन्सं' म्हणायची आणि 'अहो-जाहो' करायची. आधी थट्टा म्हणून, मग सवयीने. मी लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणारे आता कोणी उरले नाहीत. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे दोन खोल्यांत आम्ही तिघं होतो. आदल्या वर्षी दादा गेला आणि दोघी उरलो.

दादा रेडिओ दुरुस्त करायचा. दुकानातच, हातात तारांना डाग द्यायची तापलेली सळई असताना, छातीत कळ येऊन गेला. त्या सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. त्याने कपाटाचं दार उघडं टाकलं आणि वहिनीचं कपाळ त्यावर आपटलं.

"घरात माणसं राहतात की हत्ती? दार लावायला हात झिजतात का?"

"तू बघून चालत जा ना. एवढं मोठं दार दिसत नाही?"

एवढंच. रोज होणारं. पण तो न बोलता गेला आणि परत आला नाही. वर्षभर ती त्या दाराशी गेली की हळू व्हायची. जेवायला दोघींचीच ताटं, पण पाणी तिसऱ्याही पेल्यात ओतायची, मग लक्षात आलं की स्वतःच पिऊन टाकायची. एकाच घरात दोन बायका एकाच माणसासाठी रडत असतील तर त्या पाळी लावून रडतात, म्हणजे दुसरीला धीर द्यायला कोणीतरी कोरडं असतं.

मी चष्म्याच्या दुकानात कामाला होते. काउंटरवर नव्हे, आतल्या अंधाऱ्या खोलीत, तक्त्यावरची अक्षरं वाचून घ्यायला. आमच्या कामातली एक गंमत सांगते. नंबर वाढलाय हे माणसाला आवडत नाही. म्हणून बाहेर बसल्या बसल्या आधीच्या गिऱ्हाईकाचं ऐकून लोक तक्ता पाठ करतात आणि आत येऊन घडाघडा म्हणतात. मी त्यांना शेवटची ओळ उलटी वाचायला लावायची. पण तेही लागत नसे. ज्याला खरंच दिसतं तो अडखळतो, डोळे बारीक करतो, "प... नाही, थांबा, ष" म्हणतो. पाठ केलेला अडखळत नाही.

वहिनीचं "हो तर!" अजिबात अडखळलेलं नव्हतं. ते मला घरी आल्यावर खुपलं, पण मी झटकून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात मालक गल्ल्यावर बसल्या बसल्या डोळे पुसत होते. मायनस सहाचा नंबर. चष्म्याशिवाय हा माणूस समोरच्या बसगाडीला नमस्कार करील.

"काय तेज होतं हो," ते म्हणाले. "कापडदुकानवाल्यांचे वडील मी पाहिलेले. तीच चाल. जरा डावीकडे झुकती."

"चष्मा कुठे होता, मालक?"

"खिशात."

"मग दिसले कसे?"

ते चिडले. "तुम्हाला सगळ्यात खोट काढायची सवय. मन स्वच्छ असलं की दिसतं."

"मग उद्यापासून गिऱ्हाइकांना तेच सांगू. दुकान बंद करू आणि मनं धुवायची लाँड्री काढू."

मालक हसले नाहीत. पण दिवसभर माझी नजर टाळत राहिले.

त्या आठवड्यात वहिनीची उशी झटकताना डोळ्यांच्या औषधाची बाटली खाली पडली. सील न तोडलेली. तिला काचबिंदू होता. दादा गेल्यावर ती चौकटींना, खुर्च्यांना, रस्त्यात माणसांना धडकते हे माझ्या लक्षात आलं, म्हणून मीच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. तक्त्याची शेवटची ओळ ती माझ्यापेक्षा चांगली वाचायची, सुईत दोरा एका झटक्यात ओवायची. पण कडेचं सगळं हळूहळू पुसलं जात होतं. "नळीतून बघितल्यासारखं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "गेलेलं मी परत आणू शकत नाही. उरलेलं राखू शकते. थेंब सकाळ-संध्याकाळ. चुकवायचे नाहीत."

"वहिनी, हे काय?"

ती भांडी विसळत होती. मागे वळली नाही. "बाबांनी बंद करायला सांगितलंय."

"कधीपासून?"

"झाला महिना. डोळ्यांत रसायन घातलं की आत्म्याला आपले डोळे ओळखू येत नाहीत. त्यांनी पाणी मंतरून दिलंय, ते घालते."

"पाणी? अगं, आंधळी होशील!"

"शुक्रवारी यांची पाळी आहे, वन्सं." आता ती वळली. हात ओले, तोंड कोरडं. "तेवढं होऊ द्या. मग तुम्ही म्हणाल ते घालीन."

"आणि शुक्रवारनंतर बाबा म्हणाले, पुढच्या महिन्यात परत येतील, तर?"

मी बाटलीचं सील तोडलं आणि ती पुढे केली. तिने हात पदराआड लपवला. चाळिशी उलटलेली मी, तिच्याशी हिसकाहिसकी कशी करणार? बाटली कट्ट्यावर ठेवली आणि छत्री घेऊन बाहेर पडले. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. काहीतरी हातात धरायला हवं होतं.

डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून चहा पीत होत्या. फटकळ बाई. रुग्ण त्यांना घाबरायचे आणि त्यांच्याकडेच जायचे. मी सगळं सांगितलं, त्या सकाळच्या कपाटाच्या दाराचंही. आकाशातल्या दिव्याचं सांगितलं तेव्हा त्या हसल्या, थेंबांचं सांगितलं तेव्हा हसू गेलं.

"महिना? तिच्या डोळ्यांत दाब किती आहे ठाऊक आहे ना? रोज थोडं थोडं कुरतडलं जातंय, आणि दुखत नाही म्हणून कळत नाही."

"पण तो दिवा काय आहे हो? मी स्वतः बघितलाय. माझ्या डोळ्यांत काही नाही."

"खरा आहे. तीच तर लबाडी आहे. दिवा खरा, कहाणी खोटी." त्यांनी कप खाली ठेवला. "या माझ्याबरोबर."

दवाखान्याच्या गच्चीवर गेलो. सूर्य नुकताच बुडाला होता. पश्चिमेला एक ठळक चांदणी होती. "तो शुक्र. ग्रह आहे. बघा, लुकलुकत नाही, आणि जागची हलतानाही दिसत नाही. आता तिकडे, लाल-हिरवा उघडझाप करतंय ते विमान. आणि जे तारा असल्यासारखं दिसतं पण गुपचूप चालत जातं, तो उपग्रह. माणसांनी वर सोडलेला. कॉलेजात असताना आम्ही गच्चीवर पडून मोजायचो. नुसत्या डोळ्यांनी दिसतात."

"त्याला दिवा लावलेला असतो?"

"छे! खाली बघा." खाली गल्लीत अंधारून आलं होतं. "आता ती पाण्याची टाकी बघा." टाकीच्या माथ्यावर अजून पिवळं ऊन होतं. "ही टाकी चार मजल्यांची. तो शेकडो किलोमीटर वर. आपला सूर्य बुडाला तरी त्याचा बुडालेला नसतो. ऊन लागून चमकतो. पुढे पृथ्वीच्या सावलीत शिरला की विझतो. भर आकाशात."

"आणि बाबांना आधी कसं कळतं?"

"जसं गाडी किती वाजता येणार ते स्टेशनमास्तरला कळतं. गणित करून ठेवलेलं असतं, इंटरनेटवर कोणालाही मिळतं. बाबा आधी उपग्रह बघतात, मग त्याला तुमचा मेलेला माणूस चिकटवतात. ढग आले तर आत्मा रुसतो. बरोबर?"

दोनदा रुसला होता. मी मान हलवली.

"तिला हे जाऊन सांगते."

"सांगून उपयोग नाही. तिला बाबा हवेत असं नाही, नवरा हवाय. शुक्रवारी मी येते."

शुक्रवारी वहिनी ठेवणीतली साडी नेसली. केसांना तेल लावलं. दादाच्या आवडीची निळी साडी होती, आणि तिच्यावरचा ब्लाउज अंगाला सैल झाला होता. वाटेत ती दोनदा माणसांना धडकली.

बाबांनी माइक तोंडाशी घेतला. "आज एक पतिव्रता इथे उभी आहे! हिचे यजमान येतायत!"

"बाबा, जरा थांबा." डॉक्टरीणबाई गर्दीतून पुढे आल्या. "त्यांच्या आधी माझी स्कूटर जाणार आहे. तिला वाट द्या."

"कोण?"

"माझी स्कूटर. मागच्या वर्षी वारली. पुष्कळ वर्षं साथ दिली, शेवटी भंगारात द्यावी लागली."

गर्दीत खसखस पिकली. बाबांचा आवाज चढला. "बाई, आत्म्यांची चेष्टा भोवेल! यंत्राला आत्मा नसतो."

"मग येणारच नाही. दोन मिनिटांत कळेल. उत्तरेकडून निघेल, डोक्यावरून दक्षिणेला जाईल. पेट्रोल पहिल्यापासून कमी पडायचं, तेव्हा दक्षिणेला पोचता पोचता विझेल. आणि चष्मेवाल्यांनो, चष्मे घाला. माझ्या स्कूटरला काचेचं वावडं नाही."

कोणी हसत, कोणी रागाने, पण हजार माना उत्तरेला वळल्या. चेला बाबांच्या कानाशी लागला. बाबांनी त्याला कोपराने ढकललं.

"ती बघा!" एक पोरगी बापाच्या खांद्यावरून किंचाळली.

बारीकसा, पण स्पष्ट ठिपका. उत्तरेकडून सरळ रेघ मारल्यासारखा वर आला.

"अरे, खरंच स्कूटर!"

"हॉर्न वाजवा म्हणावं!"

"मागे कोण बसलंय?"

दक्षिणेकडे उतरता उतरता तो मंदावला आणि विझला. हशा पिकला आणि एकदम थांबला. लोकांच्या लक्षात आलं की आपण कशाला हसलो.

"तो... तो कोणाचा तरी वाट चुकलेला आत्मा होता!" बाबा म्हणाले.

"वाट चुकलेला, तर मला त्याची वाट आधी कशी कळली?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणखी एक सांगा. तुमचे आत्मे संध्याकाळीच का येतात? मध्यरात्री का नाही?"

"मध्यरात्री ते विश्रांती घेतात."

"म्हणजे मेल्यावरही ऑफिसची वेळ सुटत नाही!" मागून कोणी कारकून ओरडला.

मग डॉक्टरीणबाईंनी टाकीवरच्या उन्हाचं सांगितलं, सावलीचं सांगितलं, जसं मला सांगितलं होतं तसं. "मध्यरात्री ते सावलीत असतात म्हणून दिसत नाहीत. आता पश्चिमेकडून येणारा मोठा आहे. ते अंतराळस्थानक. त्यात माणसं बसलेली आहेत. मेलेली नव्हेत, जिवंत. त्यांना या वेळेला बहुतेक भूक लागलेली असेल."

तेवढ्यात तो उगवला. बाबांनी घाईने हात वर केले. "ते आले! ताई, बघा, तुमचे यजमान!"

वहिनीने माझा दंड घट्ट धरला. चेहरा वर, डोळे भरलेले. "दिसले," ती म्हणाली. "दिसले हो."

त्या क्षणी मला माझं काम आठवलं. दिसतं का, हे कधी विचारायचं नसतं.

"बोट दाखव, वहिनी. कुठे आहे?"

तिने पश्चिमेला बोट केलं. ठिपका एव्हाना आमच्या डोक्यावर आला होता.

आजूबाजूचे बघत होते, आणि तिला ते जाणवलं. तिचं बोट उजवीकडे सरकलं, मग डावीकडे, मग खाली आलं.

"मला नाही दिसत, वन्सं," ती म्हणाली. "एकदाही दिसला नाही. कोणाचाच नाही. ते रागावून गेले ना, त्या दारावरून. म्हणून मला तोंड दाखवत नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. त्यांचा आवाज इतका मऊ मी त्याआधी ऐकला नव्हता.

"अहो, तो चालता ठिपका आहे. तुम्ही नळीतून बघताय. नळीत आला तर दिसणार, आणि तो थांबत नाही. तुम्हाला कपाटाचं दार दिसलं नाही तेही त्याचमुळे. तेव्हाही हाच आजार होता. तुमची चूक नव्हती आणि त्यांचीही नव्हती. हा काचबिंदू आहे, नवऱ्याचा राग नव्हे."

वहिनीने डोळे मिटले. "दार तेव्हाही दिसलं नव्हतं," ती स्वतःशीच म्हणाली. "मला वाटलं, मी वेंधळी."

"मलाही दिसला नव्हता." हे आमचे मालक. खिशातून चष्मा काढून तो डोळ्यांवर चढवत होते. पूर्वेकडे उतरणाऱ्या ठिपक्याकडे तोंड उघडं टाकून बघत राहिले. "अरेच्चा! हा होय? हा इतका बारीक असतो? मला वाटलं, चंद्राएवढा असेल!"

मग एक शिंपी म्हणाला, त्यालाही नाही. एक आजीबाई म्हणाल्या, सून शेजारी उभी होती म्हणून हो म्हणत गेले. कापडदुकानवाला मात्र काही बोलला नाही. त्याला खरंच दिसला होता, आणि वडील नव्हते ते. तो एकटाच खाली मान घालून मैदानाबाहेर निघून गेला. मला त्या संध्याकाळी सगळ्यांत जास्त वाईट त्याचं वाटलं.

बाबांच्या अंगावर कोणी हात टाकला नाही. गर्दी पांगली, ट्रकचं फळकूट वर गेलं. सकाळी मैदानावर नुसत्या चाकोऱ्या होत्या.

घरी आल्यावर वहिनी साडी न बदलताच कॉटवर आडवी झाली. मी तिच्या डोळ्यांत थेंब घातले. डोळे मिटून ती पडून राहिली.

"म्हणजे ते वर नाहीत?"

"नाहीत."

"मग कुठे आहेत?"

"कुठेच नाहीत गं, वहिनी."

तिने गालावर ओघळलेला थेंब पदराने पुसला.

"बरं झालं," ती म्हणाली. "वर बघून मान फार दुखायची."

मग ती रडली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघी पाळी न लावता रडलो.

त्या महिन्यात तिच्या उजव्या डोळ्याचं बरंच गेलं, ते परत आलं नाही. डावा राहिला. त्या एका डोळ्याने ती पुढे कितीतरी वर्षं पेपर वाचत राहिली, माझ्या ब्लाउजांना काजं करत राहिली, आणि थेंब एकदाही चुकवले नाहीत. न्युमोनियाने गेली, शेवटच्या दिवशी मला म्हणाली, "वन्सं, तुमचे केस किती पांढरे झाले हो." दिसत होते तिला. डॉक्टरीणबाई मुलाकडे परदेशी गेल्या, तिकडेच वारल्या. मालकांनी मरेपर्यंत चष्मा फक्त झोपताना काढला. त्यांच्या दुकानात आता मोबाइल विकतात. कापडदुकानवाल्याने नंतर माझ्याशी कधी ओळख दाखवली नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. चेल्याने कुठेसं संगणकाचं दुकान काढलं, चांगलं चालतं म्हणे. आकाशबाबा पकडले गेले नाहीत. दूरच्या एका गावात ते लोहचुंबकाने सांधेदुखी बरी करतात असं ऐकलं होतं, तेही आता जुनं झालं.

मी आहे. दोन खोल्यांत एकटी. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसते. हल्ली उपग्रह इतके झालेत की मोजताना चुकते. सुंदर दिसतात. त्यांत माझं कोणी नाही हे ठाऊक असूनही बघावेसे वाटतात, आणि ठाऊक असल्याने सौंदर्य तसूभरही कमी होत नाही.

हे वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. आकाशात काही नवल दिसलं तर जरूर बघा, चष्मा घालून बघा, आणि ते काय आहे हे जाणणाऱ्याला विचारा. दिसत नसेल तर सगळ्यांसमोर 'दिसत नाही' म्हणा. तुमच्या शेजारच्यालाही बहुतेक दिसत नसतं, आणि तो कोणीतरी आधी बोलायची वाट बघत असतो. आणि डॉक्टरांनी औषध दिलं असेल तर ते वेळेवर घ्या. आपली गेलेली माणसं त्याने रागावत नाहीत.